गांजा, वर्तमानपत्रे आणि कारणाचा रकाना

गांजा महाराष्ट्राला परका नाही. मठीतील बैराग्याची चिलीम, महाशिवरात्रीला घोटली जाणारी भांग आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडची 'गांजेकस' ही शिवी, या तिन्ही गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांच्या परिचयाच्या होत्या. गांजाविषयी त्यांचे मत बहुधा प्रतिकूलच असे. परंतु ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बनविलेले असे. गांजा ओढणारा कोण, तो कामधंदा करतो की नाही, बायकामुलांना पोसतो की नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक असायचे. पुढे छापील कागद आला, त्यामागून चित्रपट, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी आली, आणि ज्याने जन्मात चिलीम पाहिली नाही त्याचेही गांजाविषयी ठाम मत तयार झाले. हे मत कसे घडत गेले, ते कोणी घडविले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे. गांजाचा इतिहास सांगण्याचा आमचा मानस नाही. गांजाविषयीच्या मताचा इतिहास तेवढा सांगावयाचा आहे.

हा विचार आम्ही माहीमच्या उंबरठ्यावरून करीत आहोत, त्यालाही कारण आहे. मखदूम फकीह अली माहिमी यांचा दर्गा, कोळ्यांची वस्ती आणि सेंट मायकल चर्च, ही सगळी एकाच हाकेच्या अंतरात नांदवणारा हा परिसर. दर बुधवारी नोव्हेनासाठी येथे जो जनसमुदाय लोटतो त्यात केवळ ख्रिस्ती नसतात. त्यांच्या याचनापत्रांत घर, नोकरी, आजार यांच्या जोडीने व्यसनाच्या विळख्यातून सुटका ही मागणी काही नवी नव्हे. परंतु त्याच माहीमचे नाव वर्तमानपत्रात 'अमली पदार्थ जप्त' अशा मथळ्याखालीही अधूनमधून येत असते. एका कागदावर आईने मुलासाठी मागणे लिहिलेले असते. दुसऱ्यावर कोणा अशाच मुलाचा उल्लेख 'आरोपी' म्हणून छापलेला असतो. दोन्ही कागदांतला मुलगा एकच असला तरी वाचणाऱ्याला तो ओळखू येणार नाही, इतके त्यांतील अंतर मोठे आहे. हे अंतर पडले कसे, हाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

या विषयावर पश्चिम किनाऱ्यावर छापला गेलेला पहिला महत्त्वाचा मजकूर एका वैद्याचा आहे आणि तो वैद्य आपल्या मुंबईशी निगडित आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. पुढे मुंबईचे बेट त्याला पोर्तुगालच्या राजाकडून खंडाने मिळाले होते. भारतातील औषधी द्रव्यांविषयी संवादरूपाने लिहिलेला त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, आणि त्यातील एक संवाद सबंध भांगेवर आहे. ओर्ताने स्वतः भांग घेतली नव्हती. तरीही त्याने ऐकीव भयकथा लिहून काढल्या नाहीत. जे घेत त्यांनाच त्याने विचारले. त्याच्या घरचे नोकर त्याच्या नकळत भांग घेत. त्यांनी त्याला सांगितले की, तिने श्रम जाणवत नाहीत, मन आनंदी होते आणि भूक लागते. सुलतान बहादूरशहाचाही एक किस्सा त्याने नोंदविला आहे. भांग घेतली की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान असे कोठेही हिंडून येता येते, असे या सुलतानाने मार्तिम आफोन्सु द सौझा यास सांगितले होते. ज्याने १५३४च्या तहाने वसई, मुंबई आणि माहीम पोर्तुगिजांना दिले तोच हा गुजरातचा सुलतान. राजा आणि नोकर या दोघांच्याही साक्षी एकाच पानावर घेणारा हा वैद्य स्वतः मात्र अपप्रचाराचा बळी ठरला. तो ज्यू वंशातील नवख्रिस्ती होता. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.

ओर्तानंतर तीनशे तीस वर्षांनी गांजाचा प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेला. मधल्या काळात गांजा हा सरकारी महसुलाचा विषय झाला होता. मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्याने ताडी, दारू आणि गांजा एकाच खात्याच्या देखरेखीखाली आणले होते. माहीमच्या वाडीतील भंडाऱ्याच्या ताडाच्या झाडावर जे सरकार कर बसवी, तेच अहमदनगर जिल्ह्यात पिकणाऱ्या गांजाच्या दुकानाला परवाना देई. इंग्लंडातील मद्यपानविरोधी चळवळीला हे मानवत नव्हते. विल्यम केन हे खासदार या चळवळीचे आघाडीचे नेते. भारतातील मद्यनिषेधासाठी १८८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत त्यांचा पुढाकार होता आणि त्या संस्थेचे 'अबकारी' नावाचे नियतकालिकही निघत असे. केन हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते, भारतीयांचे हितचिंतक होते, काँग्रेसचे मित्र होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. मार्च १८९३ मध्ये त्यांनी गांजाच्या दुष्परिणामांची चौकशी व्हावी अशी मागणी पार्लमेंटात केली. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव वारंवार येत असे. छापील तक्त्यातील हे आकडे हाताशी असल्यामुळे 'गांजा ओढणारा वेडा होतो' हे सर्वमान्य सत्य होऊन बसले होते.

सरकारने नेमलेल्या 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'चे अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग होते. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी एच. टी. ओमनी हे तिचे एक सभासद, तर कपूरथळ्याच्या राजघराण्यातील ख्रिस्ती झालेले कुंवर हरनाम सिंग हे दुसरे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या त्यांच्याच कन्या. या समितीने देशभर हिंडून ११९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल सादर केला.

या अहवालातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. मुंबई इलाख्यात त्या वेळी कुलाबा, पुणे, रत्नागिरी इत्यादी ठिकाणी अशी इस्पितळे होती. समितीने देशभरच्या इस्पितळांतील १८९२ सालचे रुग्ण तपासावयास घेतले. त्या वर्षी १३४४ रुग्ण दाखल झाले होते आणि त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग वा चरस यांची नोंद होती. समितीने एकेका रुग्णाची माहिती मुळापासून पुन्हा तपासली, नातेवाईक आणि गावकरी यांच्याकडे चौकशी केली. तेव्हा २२२ पैकी अवघ्या ९८ जणांच्या बाबतीत गांजाचा संबंध मान्य करण्याजोगा निघाला, आणि त्यांतही केवळ गांजा हेच कारण मानता येईल असे ६१ रुग्ण उरले.

मग बाकीच्या नोंदी आल्या कोठून? याचे उत्तर समितीला इस्पितळाच्या दप्तरात मिळाले. रुग्णाबरोबर एक तक्ता येई आणि त्यात 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे. तो भरणे सक्तीचे. भरणारा बहुधा पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याचा कारकून. रुग्ण बऱ्याचदा वाटेवर सापडलेला, नातलग नसलेला फिरस्ता. त्याला विचारून काही कळण्याजोगे नसे आणि रकाना मोकळा ठेवून चालत नसे. अंगावर भगवे असले, झोळीत चिलीम सापडली, की 'गांजा' असे लिहून मोकळे होणे सोपे होते. वेड लागल्यानंतर गांजाची सवय लागली की गांजामुळे वेड लागले, हे विचारण्याइतका वेळ कोणापाशी नव्हता. इस्पितळाचा डॉक्टर तीच नोंद पुढे उतरवी. वर्षाअखेर तिचा आकडा होई, आकड्याचा अहवाल होई, अहवालावरून वर्तमानपत्रात लेख येई आणि लेखावरून पार्लमेंटात प्रश्न विचारला जाई. शेवटी लंडनच्या सभागृहात जे सत्य म्हणून मांडले गेले, त्याचा उगम कोठल्या तरी चौकीत घाईने भरलेल्या एका रकान्यात होता.

समितीने गांजाची भलामण केली, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. गांजाचा अतिरेक शरीराला व मनाला घातक आहे, दुबळ्या मनाच्या माणसाला तो विशेषच अपाय करतो, असे तिने स्पष्ट नोंदविले. मध्यम प्रमाणातील सेवनाने सामान्यतः लक्षणीय हानी होत नाही, अतिरेक करणारे तुलनेने थोडे आहेत, आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर व परवाने यांनी नियंत्रण ठेवणे योग्य, असा तिचा निष्कर्ष होता. हा अहवाल सात खंडांचा होता आणि भीती एका ओळीची होती. सात खंड दप्तरखान्यात गेले. एक ओळ लोकांच्या तोंडी राहिली. वर्तमानपत्राचे सामर्थ्य आणि मर्यादा, दोन्ही या एका गोष्टीत आम्हांस दिसतात.

अमेरिकेत हीच गोष्ट पुढील शतकात अधिक उघडपणे घडली. तेथील डॉक्टर 'कॅनाबिस' नावाचे औषध अनेक वर्षे देत होते आणि शेतकरी 'हेम्प' नावाचे पीक अंबाडीप्रमाणे वाखासाठी घेत होते. वर्तमानपत्रांनी मात्र १९२० ते १९४० या काळात 'मारिहुआना' हा मेक्सिकोतून आलेला शब्द उचलला. परका शब्द, परके स्थलांतरित मजूर आणि खून-बलात्काराच्या हकिकती यांची मोट बांधली गेली. अमली पदार्थ खात्याचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्स्लिंगर हे अशा हकिकतींची कात्रणे जमवीत आणि पुन्हा मासिकांना व सरकारी समित्यांना पुरवीत. १९३७ साली यासंबंधीचे विधेयक आले तेव्हा अमेरिकन वैद्यक संघटनेच्या वतीने डॉ. विल्यम वुडवर्ड यांनी साक्ष दिली. वर्तमानपत्रे एवढे लिहितात त्या अर्थी काहीतरी आधार असेल, परंतु तो आधार प्रत्यक्ष पुराव्याच्या रूपाने समितीपुढे कोणी ठेवलेला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. समितीने त्यांचे ऐकले नाही. कायदा झाला. तरुणांना भेडसावण्यासाठी १९३६ साली काढलेला 'रीफर मॅडनेस' हा चित्रपट १९७० नंतर त्याच देशातील महाविद्यालयीन तरुण हसण्यासाठी पाहू लागले. अतिशयोक्तीचा हा दुसरा तोटा. तिच्यावरचा विश्वास एकदा उडाला, की तिच्याबरोबर खरा इशाराही उडून जातो.

स्वतंत्र भारतात मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याने दारूबरोबर गांजा-भांगेसारख्या मादक पदार्थांवरही निर्बंध आणले. त्या काळात बेकायदा गाळलेली दारू अनेक वस्त्यांत विकली जाई आणि त्यांत आपल्या समाजातील काही गरजू विधवांची घरेही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हिंदी चित्रपटाने त्यावरून सबंध समाजाचे जे चित्र रंगविले ते आपणां सर्वांना आठवत असेल. गळ्यात क्रूस घातलेला, झिंगलेला, मोडके हिंदी बोलणारा माणूस दिसला, की प्रेक्षक त्याला ख्रिस्ती म्हणून ओळखत. माहीम, दादर, गिरगाव येथील हजारो ख्रिस्ती शिक्षिका, परिचारिका, कारकून, टंकलेखक त्या पडद्यावर आलेच नाहीत. प्रसारमाध्यमांनी घडविलेले चित्र किती वर्षे अंगाला चिकटून राहते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. म्हणूनच दुसऱ्याविषयी तसे चित्र रंगविले जात असताना आपण अधिक सावध असावे, असे आम्हांस वाटते.

१९६० नंतर गोव्याच्या किनाऱ्यावर हिप्पी आले आणि हणजुणे, कळंगुट ही शांत, चर्चच्या घंटेवर चालणारी गावे छायाचित्रांतून जगभर गेली. गावातील मासेमार, पाववाला, शाळामास्तर त्या छायाचित्रांत नव्हते. १९७१ सालच्या 'हरे राम हरे कृष्ण' या चित्रपटाने चिलमीच्या धुरातील तरुण पिढी पडद्यावर आणली. चित्रपटाचा उपदेश व्यसनाविरुद्ध होता. लोकांच्या ओठांवर मात्र त्यातील गाणे राहिले. गांजा आता बैराग्याचा राहिला नाही, तो 'बिघडलेल्या तरुणाचा' झाला. वनस्पती तीच होती. तिच्यामागचा माणूस बदलला होता.

कायद्याची वाटचाल याच काळातील. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला कडक निर्बंधांच्या यादीत घालण्यात आले, तेव्हा भारताने परंपरागत वापरासाठी मुदत मागून घेतली. त्यानंतर १९८५ साली संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा संमत केला आणि तो त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. या कायद्याच्या व्याख्येनुसार फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस हे गुन्ह्याचे विषय आहेत. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही. एकाच झाडाच्या दोन भागांत कायद्याने केलेला हा भेद किती वाचकांना ठाऊक आहे? बातमीत तो क्वचितच सांगितला जातो. २००१च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि वीस किलोहून अधिक ते व्यापारी प्रमाण. परंतु स्वतःसाठी पुडी बाळगणारा आणि ट्रक भरून नेणारा, दोघेही मथळ्यात 'ड्रग्ज प्रकरणातील आरोपी' असतात.

याच दशकात मुंबईवर खरे संकट आले ते गांजाचे नव्हते, गर्दचे होते. 'ब्राउन शुगर' नावाने ओळखले जाणारे हे अशुद्ध हेरॉइन १९८० नंतर शहरात पसरले. शरीराला ते काही दिवसांत गुलाम करी. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली हे योग्यच झाले. परंतु त्या लाटेबरोबर मराठीला 'गर्दुल्ला' हा शब्दही मिळाला. तो कोणी घडविला हे सांगता येत नाही. मात्र त्याचा उच्चार करून पाहावा. त्याचा शेवट कानाला एका विशिष्ट समाजातील नावांसारखा लागतो. हे कोणी मुद्दाम केले असे आम्हांस म्हणावयाचे नाही; पण माहीमसारख्या मिश्र वस्तीत त्या शब्दाचा वार कोणाला लागतो, हे तेथे राहणाऱ्याला समजते. पुढे फुटपाथवर झोपलेला कोणीही फाटका माणूस गर्दुल्ला ठरू लागला. तो गर्द ओढतो, गांजा ओढतो, दारू पितो की नुसता उपाशी आहे, हे विचारण्याची गरज उरली नाही. कारणाचा रकाना पुन्हा एकदा न विचारता भरला गेला.

याच वेळी मराठी पत्रकारितेने याहून वेगळे उदाहरणही घालून दिले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेली मुले, त्यांचे आईवडील, अड्डे आणि विक्रेते यांच्याशी बोलून लेख लिहिले. त्या लेखनातून 'गर्द' हे पुस्तक आले. अवचट ओर्ताप्रमाणेच वैद्यकाचे पदवीधर, आणि त्यांची पद्धतही तीच: ज्याला लागले आहे त्यालाच विचारावयाचे. त्यांच्या लेखांतील मुलगा राक्षस नव्हता, हुतात्माही नव्हता. तो खोटे बोलत होता, घरातील भांडी विकत होता आणि रात्री अंग दुखून रडत होता. वाचकाला तो आपल्या इमारतीतला मुलगा वाटला. हे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीस पुढे आले आणि डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. वर्तमानपत्रातील लेखातून इस्पितळ उभे राहिल्याचे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

माहीमच्या खाडीपलीकडे, वांद्र्यात, याच भावनेचे काम आधीच सुरू झाले होते. माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन'ची मुहूर्तमेढ रोवली. पुढे वसईतही तिचे केंद्र झाले. व्यसनी माणूस हा प्रथम रुग्ण आहे, त्याला दार उघडे हवे, ही त्यामागील धारणा. परंतु अशा दारापर्यंत कुटुंबाने पोहोचावे कसे? मुलाचे व्यसन कळले तर लोक त्याला 'तसला' म्हणतील, बहिणीचे लग्न अडेल, इमारतीत तोंड दाखविता येणार नाही, ही भीती आईवडिलांना महिनोन्महिने गप्प बसवते. ती भीती काही अंशी बातमीच्या भाषेने पेरलेली असते. १९८५च्याच कायद्यात पुढे अशी तरतूद आली आहे की, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छित असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. छाप्याची बातमी ज्याने शंभरदा वाचली, त्याने ही तरतूद एकदा तरी वाचली असेल काय?

नव्या शतकात मताची टाकसाळ वर्तमानपत्राकडून दूरचित्रवाणीकडे गेली. १४ जून २०२० रोजी वांद्र्यात अभिनेते सुशांत सिंह राजपूत यांचा मृत्यू झाला. टाळेबंदीमुळे सारा देश घरात बसलेला होता. मृत्यूच्या कारणाचा शोध अधिकृत यंत्रणा घेत असतानाच अनेक वाहिन्यांनी आपापला रकाना भरून टाकला. मग खाजगी मोबाइल संदेश पडद्यावर वाचले जाऊ लागले आणि प्रकरण गांजाकडे वळले. ८ सप्टेंबरला अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांना अटक झाली. भायखळ्याच्या तुरुंगात जवळजवळ महिना काढल्यानंतर ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. प्रसिद्ध व्यक्तींना अधिक कठोर वागवून उदाहरण घालून द्यावे, हा सरकार पक्षाचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही. कायद्यापुढे सर्व समान आहेत, असेच त्याने म्हटले. त्याच महिन्यात, २९ ऑक्टोबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तूफान सिंह खटल्यात निर्णय दिला की, या कायद्याखालील तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. म्हणजे ज्या कबुल्यांचे मथळे होत होते, त्यांना न्यायालयात पुराव्याचे मोल नव्हते.

१८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांच्या या वर्तनाविषयी दाखल झालेल्या याचिकांवर सविस्तर निकाल दिला. माध्यमांनी समांतर खटला चालविल्याने न्यायदानात अडथळा येतो असे सांगून, मृत व्यक्तीचे चारित्र्य कमकुवत रंगविणे, पोलिसांपुढील कथित कबुलीजबाब पुराव्यासारखा प्रसिद्ध करणे यांसारख्या गोष्टी टाळाव्यात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा तेच घडले. मुंबईच्या बंदरातील प्रवासी जहाजावरील छाप्यानंतर आर्यन खान या अभिनेतापुत्राला अटक झाली. त्याच्यापाशी अमली पदार्थ सापडलेला नव्हता. आर्थर रोडच्या तुरुंगाबाहेर कॅमेऱ्यांची रांग लागली. २८ ऑक्टोबरला जामीन मंजूर झाला आणि मे २०२२ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रात पुराव्याअभावी त्याचे नाव नव्हते. श्रीमंत आणि नामवंत माणसाला निदान वकील मिळतो व त्याच्या सुटकेचीही बातमी होते. माहीमच्या रेतीवर पकडलेल्या मुलाच्या अटकेला दोन इंच जागा मिळते. पुढे तो निर्दोष सुटला तर ती दोन इंचही मिळत नाहीत.

प्रमाणाची जाण किती सुटली आहे हे पाहण्यासाठी सरकारचाच एक अहवाल पुरेसा आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या लोकसंख्येत दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी आढळले. भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेणारे २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी, त्यांतही गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी. घरे उद्ध्वस्त करण्यात दारूचा वाटा किती मोठा आहे हे कोणाही धर्मगुरूला वा इस्पितळातील परिचारिकेला विचारावे. तरी दारूने मोडलेल्या संसाराची बातमी होत नाही, कारण ती रोजचीच आहे.

याचा अर्थ गांजा निरुपद्रवी आहे असा नव्हे. वाढत्या वयातील मुलांच्या स्मरणशक्तीवर व अभ्यासावर त्याचा वाईट परिणाम होतो, आणि नियमित व तीव्र मात्रेच्या सेवनाने मनोविकाराचा धोका वाढतो, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले आणि भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. या निर्णयाने गांजाचा औषधी उपयोग मान्य झाला. तरुणांना तो मोकळा झाला नाही. काही ठिकाणी आता उलट दिशेची अतिशयोक्ती सुरू झाली आहे. गांजा म्हणजे सर्व रोगांवरचे रामबाण औषध, असे सांगणारा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. भयाचा रकाना असो वा गुणगानाचा, न विचारता भरलेला असेल तर त्याची योग्यता सारखीच.

खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आपण लहानपणी पाठ केली, तेव्हा न्यायालयातील साक्षच आपल्या डोळ्यांपुढे होती. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथाने वर्तमानपत्रे व अन्य माध्यमे यांचा विचार त्याच आठव्या आज्ञेच्या प्रकरणात केला आहे, आणि पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा दोष खरा मानून चालणे हेही त्याच आज्ञेचे उल्लंघन म्हटले आहे. म्हणजे जबाबदारी केवळ संपादकाची नाही. जो वाचतो, मान डोलावतो आणि संध्याकाळी जिन्यात उभा राहून चार जणांना सांगतो, त्याचीही ती आहे.

तेव्हा माहीमच्या वा अन्य कोठल्याही वस्तीविषयी अशी बातमी वाचाल त्या वेळी, वाचकहो, तीन साधे प्रश्न मनाशी विचारावेत. पदार्थ नेमका कोणता आणि किती होता? हे सांगणारा कोण, आणि पकडलेल्याचे म्हणणे कोणी ऐकले काय? आणि पुढे खटल्याचे काय झाले? बहुतेक वेळा तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील. उत्तर नसेल तेथे आपले मत राखून ठेवावे. १८९२ साली रकाना मोकळा ठेवण्याची मुभा त्या कारकुनाला नव्हती. आपल्याला ती आहे. आणि आपण तो मोकळा ठेवला, तर शेजारच्या घरातील आई कदाचित मुलाचा हात धरून उपचाराच्या दारापर्यंत जाण्याचे धाडस करील.